पीठ गेलं, औषध राहिलं

माझा मामा सिटी बस चालवायचा. खालच्या बाजारातल्या डेपोतून निघायचं, नदीवरचा पूल ओलांडायचा, टेकडी चढून वरच्या वस्तीत यायचं आणि परत फिरायचं. नोकरीची बहुतेक वर्षं त्याने हा एकच रस्ता केला. कुणी विचारलं, "कंटाळा नाही का येत?" तर म्हणायचा, "रस्ता तोच असतो हो, पण माणसं रोज नव्या कारणावरून भांडतात."

अंगाने जाडजूड, चालायला धिमा, आणि गाडी तर अशी चालवायचा की मांडीवरचं तान्हं मूल उठू नये. डेपोतले त्याला 'बैलगाडी' म्हणायचे. धावत येणारा प्रवासी आरशात दिसला की हा थांबणारच. मागून कंडक्टर ओरडायचा, "अरे बाबा, ही बस आहे, लग्नाची वरात नाही." मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. दोघांची जोडी इतकी जुनी की एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय त्यांची सकाळ व्हायची नाही. कंडक्टर वरच्या वस्तीतला, मामा खालचा.

आम्हीही वरच्या वस्तीत राहायचो. शेवटचा थांबा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होता. आई मामाहून बरीच मोठी. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा आईनेच त्याला न्हाऊमाखू घालून, धपाटे घालून वाढवलं. त्यामुळे मामी वारल्यावर मामा दुपारच्या फेरीला आमच्याकडे चहा घ्यायला यायला लागला तेव्हा कुणाला त्यात नवल वाटलं नाही. बस वळवून उभी करायची, कंडक्टरला सांगायचं, "आलोच," आणि आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसायचं. पुढच्या खोलीत बाबांचं शिलाई मशीन होतं. बाबा शिंपी. डेपोतल्या निम्म्या लोकांचे गणवेश तेच शिवायचे. मामाच्या पँटची कंबर दर वर्षी उसवून द्यावी लागे आणि बाबा टेप लावताना म्हणायचे, "मेव्हणे, पुढच्या वर्षी मी कापड दोन बाजूंनी जोडणार नाही. थेट तंबूच शिवीन."

बाबांना साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचून घ्यायचे. आमच्या घरात त्याचं कौतुकही नव्हतं आणि भीतीही नव्हती. दात घासावेत तसं ते चालायचं.

लढाई कशावरून सुरू झाली हे आजही दोन माणसं दोन तऱ्हांनी सांगतात. मी लहान नव्हते, कॉलेजात होते, तरी मला नीट सांगता येत नाही. आधी मोर्चे झाले, मग गोळीबार, मग वरच्या वस्तीतली काही पोरं बंदुका घेऊन आली आणि त्यांच्यामागून कुठून कुठून आलेली, आम्ही कधी न पाहिलेली माणसं आली. सरकारी फौज पुलाच्या खालच्या टोकाला बसली, बंदूकवाले वरच्या टोकाला. मधल्या पुलावर एक जळकी बस आडवी पडून राहिली. ती मामाची नव्हती, पण तो फोनवर पुन्हा पुन्हा तिच्याबद्दल विचारायचा. "तिची पुढची काच अजून आहे का गं?" मी म्हणायचे, "मामा, तिकडे कोण बघायला जातंय." तो म्हणायचा, "हं. तेही खरंच."

पुलाच्या पलीकडे मामा आणि अलीकडे आम्ही, असं झालं. टेकडीच्या मागचा रस्ताही फौजेने धरला. मग वेढा म्हणजे काय ते कळायला लागलं. पहिल्यांदा दुकानातून साखर गेली, मग तेल, मग मेणबत्त्या. शेवटी दुकानदारच दुकानाच्या पायरीवर रिकाम्या हाताने बसायला लागला. औषधाच्या दुकानाचं शटर कधी बंद झालं ते लक्षातही आलं नाही. बाबांकडे साठवलेलं इन्सुलिन होतं. ते मडक्यात ओल्या वाळूवर ठेवायचे आणि डोस कमी कमी करत पुरवायचे. जेवणच कमी झालं होतं, त्यामुळे बाबा म्हणायचे, "बघ, फौजेने माझं पथ्य सांभाळलं."

तिकडे मामाची बस डेपोत उभी. काही महिन्यांनी एका मदत संस्थेने ट्रकवर ड्रायव्हर हवेत म्हणून सांगितलं आणि मामा गेला. संस्थेची प्रमुख एक बाई होती. मामा तिला 'बाई'च म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणते. परक्या प्रांतातून आलेली, केस कापलेले, आवाज बसलेला. तिचं काम म्हणजे दोन्ही बाजूंच्या साहेबांकडे खेटे घालायचे. या साहेबाने होकार दिला की तो साहेब रजेवर, तो परत आला की याची बदली. वरच्या वस्तीत ट्रकांचा एक ताफा न्यायला तिला दोन ऋतू लागले. मामा सांगायचा, "पिठाच्या पोत्यापेक्षा परवानगीच जड होती."

अखेर परवानगी आली. पीठ, डाळ, घोंगड्या आणि औषधांची खोकी. त्या खोक्यांत इन्सुलिन होतं. मामाने बाईला बाबांबद्दल आधीच सांगितलं होतं. तिने यादीत ते घातलं आणि साहेबांनी ती यादी मान्यही केली होती. तरी मामाचा विश्वास बसेना. निघायच्या दिवशी त्याने कुठून तरी मिळवलेल्या चार कुप्या बर्फाबरोबर आपल्या चहाच्या थर्मासमध्ये घातल्या आणि थर्मास सीटमागे ठेवला.

निघण्याआधी बाईने सगळ्या ड्रायव्हरांना अंगणात गोळा केलं. ती म्हणाली, "तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी वर आहे. मला माहीत आहे. कुणी काही लपवून नेत असेल तर आत्ताच काढा. नाक्यावर एक वस्तू सापडली तर हा ताफा परत फिरेलच, पण पुढचा एकही ताफा जाणार नाही. माझ्या शब्दावर त्यांनी दार उघडलंय."

मामा ट्रककडे गेला, थर्मास काढला आणि तिच्या हातात दिला. तिने झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. "यादीत आहे ना ते," ती म्हणाली. "रीतसर जाईल."

नाक्यावर सगळे ट्रक रिकामे करायला लावले. पोती भोसकून पाहिली. घोंगड्या उलगडल्या. मग औषधांची खोकी उघडली आणि एक तरुण अधिकारी म्हणाला, "हे नाही जाणार."

बाईने मंजूर यादी दाखवली.

"यादी बरोबर आहे," तो म्हणाला. "पण आज सकाळी वरून हुकूम आला. औषध म्हणजे जखमी बंदूकवाल्याला पुन्हा उभं करायचं. सुया, सलाईन, टाके, काही नाही. पीठ न्या."

"इन्सुलिनने कोण उभं राहतं?" बाई म्हणाली.

"मला डॉक्टरकी कळत नाही. मला हुकूम कळतो."

बाई वाद घालत राहिली, फोन करत राहिली. ऊन चढलं. शेवटी तो अधिकारी म्हणाला, "एक तर असं न्या, नाही तर सगळंच परत न्या. दुपारनंतर मी दार लावणार." बाई ट्रकांच्या रांगेपाशी आली. मामा पहिल्याच ट्रकमध्ये होता. खोकी रस्त्याच्या कडेला उन्हात मांडून ठेवलेली त्याला दिसत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय करू?"

मामाच्या तोंडून ब्र निघाला नाही. त्याने गाडी सुरू केली.

हे सगळं त्याने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की जळकी बस बाजूला ओढली गेली आणि पुलावरून ट्रक येताहेत. अख्खी वस्ती रस्त्यावर आली होती. वस्तीच्या समितीत आता कंडक्टर होता. रांगा लावायची त्याला सवयच होती. तो ओरडत होता, "पुढे सरका, आत खूप जागा आहे." लोक हसत होते. कितीतरी दिवसांनी मी माणसांना हसताना पाहिलं.

मामा खाली उतरला. बारीक झाला होता. पँटला दोरी बांधली होती. आईने त्याला जवळ घेतलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि लगेच विचारलं, "इन्सुलिन आणलंस?"

"नाक्यावर काढून घेतलं, ताई."

"सगळं?"

"सगळं."

"आणि तू?"

मामाने पँटची दोरी घट्ट केली.

"तू काय म्हणालास त्यांना?"

"काही नाही. बोललो असतो तर पीठही गेलं असतं."

आईचा हात त्याच्या पाठीवरून खाली आला. बाबा मात्र त्याला बघून खूश झाले. त्याची दोरी बांधलेली पँट पाहून म्हणाले, "काढ ती, दोन टाके मारतो." पण ट्रकांना लगेच परत फिरायचं होतं. तोवर बाबांनी सुई काढली होती, पण त्यांना तीत दोरा ओवायलाही नीट दिसत नव्हतं, हे मामाने पाहिलं.

त्या पिठावर आम्ही बरेच दिवस काढले. बाबा मात्र ते पीठ संपायच्या आत गेले. आधी तहान तहान करायला लागले, मग उलट्या, मग नुसते श्वास, खोल आणि भराभर. दुपारची वेळ होती. वस्तीतली नर्स त्यांच्या उशाशी बसली होती. तिच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून ती त्यांचे तळवे चोळत होती.

फोन लागला तेव्हा आईने मामाला सांगितलं. तिने रडून सांगितलं नाही. म्हणाली, "गेले." आणि मग म्हणाली, "तू गप्प का राहिलास रे?" तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आईने फोन माझ्या हातात दिला आणि बाबांच्या मशीनवर कापड झाकायला गेली. त्यानंतर मामाचा फोन आला की ती म्हणायची, "तू बोल. मला काम आहे."

पुढच्या ताफ्याला पुन्हा तितकाच वेळ लागला असता, पण मधल्या काळात कुठल्या तरी दूरच्या शहरात दोन्ही बाजूंचे पुढारी बोलणी करायला बसले होते आणि जगाला काहीतरी दाखवायचं होतं, म्हणून परवानगी लवकर मिळाली. पुन्हा पीठ, डाळ, औषधं. पुन्हा तोच नाका. अधिकारी दुसरा, हुकूम तोच. खोकी उतरवली. बाई वाद घालून परत आली आणि हात हलवून पुढे जायची खूण केली.

मामाने इंजिन बंद केलं. किल्ली काढून खिशात टाकली आणि खाली उतरून चाकाला टेकून बसला. नाक्यावरचा रस्ता अरुंद. पहिला ट्रक उभा राहिला की मागचा एकही हलू शकत नाही.

बाई धावत आली. "हे काय?"

"औषध चढवा, मग निघतो."

"तुम्हाला वाटतं मला ते नको आहे?"

"तुम्हाला हवंय, बाई. मला ठाऊक आहे. पण मागच्या वेळी आपण दोघं गप्प बसलो. माझे भावोजी गेले."

बाई त्याच्याशेजारी धुळीत बसली. म्हणाली, "मी तुमच्या पाया पडते. वर पोरं उपाशी आहेत."

"वर माझी बहीण आहे," मामा म्हणाला. "मला कळतंय."

अधिकाऱ्याने आधी दटावलं, मग सैनिकांकडून मामाला उचलून बाजूला केलं. किल्लीसाठी झटापट झाली, त्यात मामाचा एक दात पडला. किल्ली मिळाली, पण तोवर वरच्या टोकाला बंदूकवाल्यांना वाटलं की नाक्यावर काही दगाफटका चाललाय. तिकडून गोळी सुटली, इकडून उत्तर गेलं. ट्रक तसेच मागे फिरले. बोलणीही फिसकटली. दोन्हीकडच्या रेडिओने एकमेकांवर ठपका ठेवला. ड्रायव्हरचा उल्लेख कुणीच केला नाही.

पण वस्तीत बातमी पोहोचली. अशा बातम्यांना पूल लागत नाही. वस्तीत तेव्हा पिठाचा कण नव्हता. लोक गवत उकडत होते, जनावरांचा भुसा दळत होते. कंडक्टरची नात त्याच दिवसांत गेली. दोन वर्षांची होती. नुसत्या उपासमारीने गेली असं कुणी म्हणणार नाही, जुलाब झाले होते. पण अंगात काही असतं तर तगली असती.

समितीच्या खोलीबाहेर बायका पाण्यासाठी उभ्या होत्या. एकीने आईकडे न बघता, पण आईला ऐकू जाईल असं म्हटलं, "मेहुणा गेला म्हणून सगळ्या वस्तीचं पीठ अडवलं. असला कसला माणूस."

आईने हंडा खाली ठेवला. मला वाटलं आता भांडण होणार. आई म्हणाली, "गप्प का राहिलास, असं मीच विचारलं होतं त्याला. माझ्यामुळे बोलला तो. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

कुणी शिव्या दिल्या नाहीत. तीच बाई थोड्या वेळाने पुढे झाली आणि आईचा हंडा धरून नळाखाली सरकवला.

त्या संध्याकाळी आई कंडक्टरच्या घरी गेली. मीही बरोबर होते. ती उंबऱ्याशी बसली. कंडक्टरही बसला. मग कंडक्टर म्हणाला, "वहिनी, त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, याचाच विचार करतोय. रोज वेगळं उत्तर येतं."

मामाला संस्थेने कामावरून काढलं. बाईने काढलं असं तो कधी म्हणायचा नाही. म्हणायचा, "तिला काढावंच लागलं." तो घरी बसला. खालच्या शहरात त्याला कुणी काही बोललं नाही, उलट काही जण पाठ थोपटायला आले. त्यांना तो दारातूनच परत पाठवायचा.

शेवटी तोडगा निघाला. रेडिओवर हाच शब्द सारखा येत होता. पुढाऱ्यांनी कुठल्याशा हॉटेलात हात मिळवले. ठरलं असं की बंदूकवाले वस्ती सोडतील आणि त्यांच्याबरोबर ज्यांना जायचंय ते सगळे जातील. त्यांना उत्तरेकडच्या प्रांतात, त्यांच्या लोकांच्या ताब्यातल्या मुलखात नेऊन सोडायचं. राहायचं असेल ते राहू शकतात. कागदावर असं होतं. पण आठवडाभर आधी उरल्यासुरल्या गल्ल्यांवर जे बॉम्ब पडले, त्यांनी राहणाऱ्यांचं मन तयार केलं. आमच्या गल्लीतलं एकही कुटुंब राहायला तयार नव्हतं. आणि न्यायला येणार होत्या त्या डेपोत धूळ खात उभ्या असलेल्या सिटी बस.

बाईच मामाच्या दारात गेली. म्हणाली, "ड्रायव्हर कमी आहेत. या म्हणायला मला तोंड नाही."

मामा म्हणाला, "म्हणजे ज्यांना मी रोज घरी सोडायचो त्यांना आता घरातून काढायचं."

"हो," बाई म्हणाली. "तुम्ही नाही आलात तरी दुसरा कुणी येईल. बस निघणारच आहेत. ओळखीचा चेहरा दिसला तर त्यांना थोडं बरं वाटेल, एवढंच."

मामा आला. आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे होतो, जिथे नेहमी उभे राहायचो. एकेकाला एकच बोचकं न्यायची मुभा होती. आईने बाबांच्या मशीनचं डोकं काढून घोंगडीत बांधलं होतं. ते इतकं जड होतं की दुसरं काही घेता येणार नव्हतं. शेजारीण म्हणाली, "अहो, भांडी घ्या, कपडे घ्या, हे काय लोखंड." आईने ऐकलं नाही.

मामाची बस आली. पुढचा दात नसल्यामुळे त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसत होता. तो आसनावरून हलला नाही, सैनिक उतरू देत नव्हते. लोक चढायला लागले. ज्या बायकांनी त्याला शिव्या दिल्या होत्या त्याही चढल्या. एक म्हातारी त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत गेली. कंडक्टर सगळ्यात शेवटी चढला आणि सवयीने दाराच्या दांडीला धरून उभा राहिला. मामाने आरशात त्याच्याकडे पाहिलं. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला शिवी दिली नाही.

आई ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसली. वर्षभर ती त्याच्याशी बोलली नव्हती. बस पुलावर आली, जळकी बस मागे पडली. आई पुढे वाकली आणि म्हणाली, "मागच्या चाकाचा आवाज येतोय."

मामाने कान देऊन ऐकलं. "हो, ताई," तो म्हणाला. "बेअरिंग गेलंय. सुटे भाग मिळत नाहीत."

"मग हळू घे."

"घेतो."

खालच्या शहरातून जाताना बस थांबवायची नाही, खिडक्या उघडायच्या नाहीत, असा हुकूम होता. आम्ही मामाच्या गल्लीवरून गेलो. आईचं माहेरचं घर तिथून दिसतं. तिने मान वळवली नाही. मामाने मात्र गिअर उगीचच बदलला. रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक उभे होते. काही टाळ्या वाजवत होते, काही नुसते बघत होते. पुढचा सगळा दिवस प्रवास चालला. उत्तरेच्या सीमेवर, उघड्या माळावर तंबूंच्या रांगा होत्या. तिथे आम्हाला उतरवलं. मामाला रिकामी बस घेऊन लगेच परतायचं होतं, पुढची फेरी होती. त्याने वस्ती पूर्ण रिकामी होईपर्यंत फेऱ्या केल्या. शेवटच्या फेरीत प्रवासी थोडेच होते, तरी तो थांब्यावर बराच वेळ थांबून राहिला, धावत कुणी येतंय का म्हणून. सैनिकाने दारावर काठी आपटली तेव्हा निघाला.

परतल्यावर त्याने डेपोत किल्ली जमा केली आणि घराला कुलूप लावून, मिळेल त्या वाहनाने, लाच देत, पायी चालत, तो आमच्या छावणीत आला. उलट दिशेने कुणी येत नसे. छावणीच्या दारावरचा माणूस त्याला म्हणाला, "तुमचं खालच्या शहरात घर आहे. तुम्ही निर्वासित कसे?" मामा म्हणाला, "नाही ना. मी पाहुणा आहे. बहिणीकडे आलोय." पाहुणा म्हणून तो तिथे अकरा वर्षं राहिला.

त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तंबूच्या जागी विटांच्या खोल्या झाल्या, पत्रे आले. आईने मशीनला लाकडी बैठक करून घेतली आणि ती शिवायला लागली. मामा छावणीचा पाण्याचा टँकर चालवायचा. मी मदत संस्थेच्या कचेरीत लागले. बाईची बदली मध्ये कुठे कुठे झाली, मग ती आमच्याच भागात आली. कधी कधी ती आमच्या खोलीत येऊन बसायची. तिला मामाशी बोलायला आवडायचं, पण त्या नाक्याचा विषय दोघंही टाळायचे. एकदाच ती म्हणाली होती, "त्या तोडग्याबद्दल आमच्या संस्थेला मानपत्र मिळालं. मी समारंभाला गेले नाही." मामा म्हणाला, "जायचं होतं. जेवण तरी चांगलं असतं."

आईपाशी मात्र तो एकदा बोलला. मी तिथेच भांडी घासत होते. म्हणाला, "ताई, पहिल्या वेळी बोललो असतो आणि दुसऱ्या वेळी गप्प बसलो असतो, तर?"

आईने मशीन थांबवलं नाही. म्हणाली, "तर पहिल्या वेळी कंडक्टरची नात गेली असती आणि दुसऱ्या वेळी आणखी कुणी. दार त्यांच्या हातात होतं. तू आणि मी नुसते एकमेकांना दोष देत बसलो."

"मग दोष द्यायचा कुणाला?"

"ते तिकडे बोलणी करतात ना, त्यांना विचार," आई म्हणाली. मग तिला हसू आलं. मामाही हसला. हसून झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि टँकर भरायला गेला.

बोलणी चालूच होती. दर वर्षी नवा तोडगा, नवं शहर. रेडिओ लावला की मामा विचारायचा, "परत जायचं काही म्हणाले का?" मी सांगायचे, "पुढच्या बैठकीत घेणार आहेत." मग तो रेडिओ बंद करायचा, बॅटरी वाचवायला.

गेल्या थंडीत त्याला छातीत दुखलं. टँकर त्याने कडेला नीट उभा केला होता, ब्रेक लावला होता. लोकांनी पाहिलं तेव्हा तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून होता.

आईने एकच हट्ट धरला. त्याला मामीशेजारी, खालच्या शहरात न्यायचं. मी म्हटलं, "आई, कोण सोडेल." पण बाईने फोन उचलला. ज्या साहेबांकडे तिने इतकी वर्षं खेटे घातले होते त्यातले काही आता मोठे साहेब झाले होते. आश्चर्य म्हणजे दोन्ही बाजूंनी हो म्हटलं. मेलेल्या माणसाला परवानगी लवकर मिळते. सीमेच्या नाक्यावर एक गाडी न्यायला येणार, असं ठरलं.

आम्ही नाक्यापर्यंत गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने कागद पाहिले. मामाचा पत्ता खालच्या शहराचा, त्याला हरकत नव्हती. बाईच्या जाण्यालाही हरकत नव्हती. आमचा पत्ता वरच्या वस्तीचा.

"वरच्या वस्तीतल्यांना अजून मनाई आहे," तो म्हणाला. तसा सभ्य होता. आईला त्याने खुर्ची दिली. आई बसली नाही.

"मी त्याची बहीण आहे," ती म्हणाली. "माझं माहेर खालचंच आहे."

"कागदावर सासरचा पत्ता आहे, आजी."

आई त्याच्याशी वाद घालायला लागली नाही. गाडीपाशी गेली, मामाच्या अंगावरची चादर पायाकडे नीट खोचली आणि बाजूला झाली. बाई पुढे बसली आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी बाईचा फोन आला. सगळं नीट पार पडलं, असं तिने सांगितलं. डेपोतले जुने लोक आले होते, गल्लीतलेही आले होते. मी आईला सांगितलं. आईने फोन मागून घेतला.

"कोण कोण आलं होतं?" ती म्हणाली.

बाईला नावं माहीत नव्हती. ती वर्णन करत गेली आणि आई ओळखत गेली. काठीवाला म्हातारा म्हणजे वाणी. रडणारा जाडा माणूस म्हणजे डेपोतला मेकॅनिक. आई मान डोलवत होती.

"आणि समोरच्या घरातली?" आईने विचारलं. "माझ्याबरोबर शाळेत होती ती. उजव्या पायाने थोडी लंगडते."

"हो, होती एक," बाई म्हणाली. "सगळ्यात शेवटपर्यंत थांबली होती."

"केस पांढरे झाले असतील तिचे."

"डोकं झाकलेलं होतं हो. दिसले नाहीत."

"बरं," आई म्हणाली. मग तिने विचारलं, "चालताना फार त्रास होत होता का तिला?"